कुंभार्ली घाट, रात्र आणि पाऊस

कराडला बदली झाली तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, "बरं झालं, चिपळूण जवळ पडेल." जवळ म्हणजे शंभरेक किलोमीटर. आई चिपळूणला एकटी असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिच्या घरात पाणी शिरलं आणि ती रात्रभर शेजाऱ्यांच्या माडीवर बसून होती. तेव्हापासून पावसाळ्यात तिला फार दिवस एकटं ठेवायचं नाही, असं मी ठरवलंय. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, म्हणजे निघायचं आदल्या शुक्रवारी. कॅश जुळली, कुलपं लागली की साडेसहा होतात. पाटण येईपर्यंत अंधार, आणि पुढे कोयनानगर, हेळवाक, कुंभार्ली घाट, पोफळी हा सगळा रस्ता रात्रीचा आणि पावसाचा. कोयना धरणाच्या बातमीत रोज 'कोयना, नवजा, महाबळेश्वर' असे पावसाचे तीन आकडे छापून येतात. त्यातल्या पहिल्या दोन आकड्यांच्या मुलुखातून मला जायचं असतं.

लायसन्स तसं जुनं होतं, पण गाडी चालवलेली ठाण्यात. तिथे रात्र पडते म्हणजे फक्त रस्त्यावरचे दिवे लागतात. पाटणच्या पुढे जो काही उजेड असतो तो आपल्याच गाडीचा.

मला शिकवलं घरमालक मामांनी. एसटीतून निवृत्त झालेले चालक. नोकरीतली बरीच वर्षं कराड-चिपळूण मार्गावर गेलेली, त्यातही मुक्कामी गाडी बऱ्याचदा त्यांच्याकडेच. मला वाटलं होतं ते शेजारी बसतील आणि आम्ही थेट घाटात जाऊ. ते रविवारी दुपारी अंगणात आले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि पुढच्या काचेवर आतून बोट फिरवून त्यांनी ते मला दाखवलं. बोटाला चिकट, काळपट थर. "ह्यातनं दिवसा दिसतंय ओ ताई. रात्री समोरची लाईट पडली की सगळी काच पेटती."

डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापलं की त्यातून जे उडतं ते काचेवर बसतं. बाहेरून काच आपण रोज पुसतो, आतून कोण पुसतंय! ओल्या फडक्याने आणि मग वर्तमानपत्राच्या बोळ्याने घासून काच कोरडी केली, आणि त्याच रात्री फरक कळला. आधी समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याला फाटे फुटायचे, ते निम्म्याने कमी झाले. मी याला डोळ्यांचा नंबर समजत होते.

वायपरचं रबर उन्हाळ्यात कडक होतं, म्हणून ते मे अखेरीस बदलायचं, पहिल्या पावसात नव्हे. टायरचं मामांचं माप काडीपेटीचं. खाचेत काडी गुलाच्या बाजूने उभी घालायची. गूल पुरतं आत बुडालं तर या पावसाळ्याला टायर चालेल. कायद्याने कारच्या टायरची खाच कमीत कमी १.६ मिलिमीटर लागते आणि त्या उंचीची छोटी आडवी उंचवटी खाचेतच दिलेली असते. पण मामा म्हणाले, ती कोरड्या रस्त्यावर ठीक. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना ते बाजूला सारायला खाच खोल लागते. ती नसली की चाक पाण्यावर चढतं आणि मग स्टिअरिंग हलकं लागतं. ते हलकेपण हाताला जाणवलं तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग वळवायचं नाही, फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. हे नुसतं वाचून पटत नाही. मल्हारपेठेच्या अलीकडे एका सखल जागी ते हलकेपण मला एकदा क्षणभर जाणवलंय आणि ती जागा आता पाठ आहे.

हेडलाईटची दिशा अंगणाच्या भिंतीवर तपासली. उजवा दिवा वर बघत होता, तो गॅरेजमध्ये नीट करून घेतला. एक गोष्ट मात्र मामांनाही माहीत नव्हती, ती गाडीच्या पुस्तकात सापडली. स्टिअरिंगच्या उजवीकडे शून्य ते तीन आकड्यांची एक छोटी चकती असते. डिकीत वजन असलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपर, म्हणजे हेडलाईटचा खालचा झोतसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. चकती फिरवली की झोत खाली येतो. जाताना माझी डिकी रिकामी असते. येताना नारळ, तांदूळ, आईने बांधून दिलेलं काय काय, आणि जूनमध्ये एखादा फणस. परतीच्या वाटेवर लोक मला सारखे अप्पर, म्हणजे वरचा झोत, मारून दाखवायचे, त्याचं कारण हे होतं.

मग खरी शिकवणी. घाटात नाही, एमआयडीसीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर, पावसाळी रात्री. मामांनी एक पोतं भिजवून रस्त्यात टाकलं, कुठे ते मला सांगितलं नाही आणि शेजारी येऊन बसले. "डिपरवर चला. साठ धरा. पोतं दिसलं की थांबायचं." पोतं दिसलं, ब्रेक दाबला, पोतं गाडीखालून मागे गेलं. परत. परत मागे. पोतं कुठे आहे हे आता मला साधारण माहीत होतं तरीही. चाळीसवर आल्यावर गाडी पोत्याच्या अलीकडे थांबायला लागली.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला, बँकेतली सवय. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६ ते १७ मीटर. दिसणं, कळणं, पाय ब्रेकवर जाणं यात सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे वीसेक मीटर गाडी तशीच पुढे गेलेली. ओल्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी पस्तीस मीटरच्या आसपास. बेरीज ५० ते ६०. आणि डिपरचा धड उजेड पन्नासेक मीटरपर्यंत, त्यातही काळं, ओलं, न चमकणारं काही असलं तर त्याहून कमी. चाळीसवर हीच बेरीज तीसेक मीटर होते. म्हणजे साठवर मी जी गाडी चालवत होते ती माझ्या उजेडाच्या बाहेर चालवत होते. पुढे काही आलं नाही, एवढ्यावर ती चालली होती.

त्या रात्री ब्रेकचंही कळलं. एबीएस आपल्याकडे २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचं आहे, माझ्या गाडीला ते होतं, पण ते लागतं कसं हे कधी अनुभवलं नव्हतं. पायाखाली पेडल थरथरतं, घरघर आवाज येतो आणि आपण घाबरून पाय काढतो. पाय काढायचा नाही, दाबून धरायचा. चाक जाम होत नाही त्यामुळे ब्रेक लागत असतानाही गाडी वळते. हे ज्याने त्याने रिकाम्या रस्त्यावर एकदा करून बघावं असं मला मनापासून वाटतं. ड्रायव्हिंग स्कूलवाले हे शिकवत नाहीत, ते आठचा आकडा शिकवतात.

घाटात पहिल्यांदा गेलो ते मामा शेजारी बसून. कराडकडून जाताना कुंभार्ली उतरायचा असतो, आणि धुकं दाट असतं ते वर, उतार सुरू व्हायच्या आसपास. हेळवाकपर्यंत नुसता पाऊस होता. त्यापुढे एका वळणावर झोत अचानक तोकडा झाला. सवयीने मी अप्पर दिला आणि होतं तेवढंही दिसेनासं झालं. समोर पांढरा पडदा. धुक्यातले पाण्याचे कण तो उजेड आपल्याच डोळ्यांवर परत फेकतात, झोत जितका वर आणि जोरदार तितका जास्त. डिपर, आणि खाली बसवलेले फॉग लॅम्प असतील तर ते, बास. मामांनी गाडीतलं गाणं बंद केलं आणि काच चार बोटं खाली करायला लावली. पाऊस आत येत होता. "येऊ द्या. आता डोळ्यापेक्षा कानाला जास्त कळतंय."

एरवी रात्रीच्या घाटात एक सोय असते, जी दिवसा नसते. वळणापलीकडून गाडी येत असली तर तिच्या आधी तिचा उजेड डोंगरावर, झाडांवर फिरताना दिसतो. धुक्यात ती सोय जाते. उजेड सगळीकडे पसरतो आणि गाडी जवळ आहे की लांब, काही कळत नाही. आवाज मात्र येतो. चढणाऱ्या ट्रकचं इंजिन पहिल्या-दुसऱ्या गिअरात घुमत असतं, ते दोन वळणं आधी ऐकू येतं. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न, आणि मग उत्तराला हॉर्न येतो का ते ऐकायचं. अरुंद जागी गाठ पडली तर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. २०१७ च्या वाहनचालन नियमांतही तेच आहे, पण मामांना ते नियमाआधीपासून माहीत. भरलेला ट्रक चढावर थांबला की परत उचलताना मागे येतो, एवढं त्यामागचं कारण.

दुसरा गिअर, पाय शक्यतो ब्रेकवर नाही. सतत ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापतात आणि खाली पोफळीजवळ, नेमके लागतात तेव्हा, लागत नाहीत. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे अजूनही आहेत. त्यांच्याबद्दल मामा जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

दिसत होतं ते दहा-पंधरा मीटर. म्हणजे वीसचा वेग. डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चालायचं, ती सोडून कुठे बघायचं नाही. मागून कोणी लाईट मारायला लागला तर जागा बघून डावीकडे घ्यायचं आणि जाऊ द्यायचं. पुढे टँकर असला की त्याच्या लाल दिव्यांमागे जायचा मोह होतो, रस्ता शोधायचं काम त्याच्यावर सोपवून द्यावंसं वाटतं. मामांनी तेवढ्यावर खडसावलं. "त्याच्या मागनं जावा, पण पट्टी तुमची तुम्ही बघा. त्यो दरीत गेला तर तुम्ही बी जाणार काय?"

आणि ते चार दिवे! पाऊस जरा वाढला की निम्मी जनता चारी इंडिकेटर लावून गाडी चालवते. ती खूण थांबलेल्या गाडीची आहे. धुक्यात पुढे चार दिवे उघडझाप करताना दिसले तर ती उभी आहे की चालली आहे हे कळत नाही, आणि ती वळणार आहे हे सांगायला तिच्याकडे इंडिकेटरच उरत नाही. साधे हेडलाईट लावले की मागचे लाल दिवे आपोआप लागतात, तेवढे पुरतात. माझ्या शाखेत यावर मी इतक्यांदा बोललेय की आता शिपाईसुद्धा मला बघून मुद्दाम चार दिवे लावतो.

घाट उतरताना काचेने एक नवीन खोडी काढली. वर थंडी, आत दोघांचे ओले कपडे, काच आतून धुरकटली. एसी लावला, हवा काचेवर सोडली, आतलीच हवा फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा घेतली. एसी हवा कोरडी करतो, त्यामुळे दोन मिनिटांत काच स्वच्छ. पण शिरगाव, अलोऱ्याकडे आलो तशी हवा उबदार आणि दमट झाली, आणि काच पुन्हा धूसर. मी आतून पुसते आहे, काही उपयोग नाही. थर बाहेरून होता. एसीने गार झालेल्या काचेवर कोकणातली दमट हवा बाहेरच्या बाजूने बसत होती. वायपरचा एक हात आणि एसीचं तापमान वाढवणं, एवढ्याने ते गेलं. कोकणात राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. घाटमाथ्यावरून उतरणाऱ्याची मात्र दहा मिनिटं गडबड होते, ती नेमकी उताराच्या शेवटी.

समोरच्या अप्परचा त्रास धुक्यात नाही, तो सरळ रस्त्यावर, पाटणच्या अलीकडे. "लाईटीकडं बघायचंच न्हाई," हा मामांचा मंत्र. नजर डाव्या पट्टीवर, वेग कमी. डोळे दिपले की पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात आणि तेवढ्यात आपण पन्नास-साठ मीटर पुढे गेलेलो असतो. सूड म्हणून आपणही अप्पर लावला की दोघं आंधळे. आतला डॅशबोर्डचा उजेड कमी करून ठेवते, मोबाईल स्टँडवर असला तर त्याचा स्क्रीन काळा करते. अंधाराला सरावलेली नजर एका पांढऱ्या स्क्रीनने जाते. एकच दिवा समोर दिसला तर ती मोटारसायकलच असेल असं धरायचं नाही. डावा दिवा गेलेला ट्रॅक्टर असला तर ठीक, पण उजवा गेलेला असला तर त्याचं अर्धं धूड दिव्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला, अंधारात असतं.

पावसाळ्यात रस्त्यावर बसणारी गुरं हा खास आपल्याकडचा विषय. रान ओलं, डांबर कोरडं-उबदार, त्यामुळे ती येऊन बसतात. गाईचे डोळे चमकतात, पांढरी कातडी दिसते. म्हशीचं काहीच दिसत नाही. मामांचं पोतं भिजलेलं का होतं ते मला एका म्हशीने समजावलं, चाळीसच्या वेगात, व्यवस्थित अंतर राखून.

पाणी हा एक विषय असा आहे की ज्यावर मामा शिकवत नाहीत, फक्त सांगतात. मोरीवरून पाणी वाहतंय, तळ दिसत नाही, कडेचे दगड दिसत नाहीत, तर गाडी थांबवायची आणि मागे घ्यायची. वाहतं पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी कार तरंगायला लागते. आणि त्या पाण्याखाली रस्ता उरला आहे का, हे रात्री कोणालाच कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा दोन एसटी त्यात गेल्या. अंधार, पाऊस, आणि पूल जिथे असायला हवा तिथे तो नाही. मामा त्याबद्दल फार बोलत नाहीत. एसटीतल्या कोणाशीही हा विषय काढला की असंच होतं.

गाडी पाण्यात बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, हे मात्र ते सगळ्यांना सांगत असतात. इंजिनात पाणी गेलेलं असलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि आतल्या दांड्या वाकतात. सर्व्हिसिंगचं बिल बघितल्यावर लोकांना पटतं.

पहाटे चारला चिपळूणहून निघून सोमवारी थेट बँक गाठायचा माझा बेत होता, तो मामींनी मोडला. पहाटे दोन ते पाच झोप सगळ्यात गाढ, चहा प्यायला की फक्त जागं असल्यासारखं वाटतं. आता मी रविवारी दुपारीच निघते.

सगळे पावसाला घाबरतात. मला जास्त भीती वाटते ती जानेवारीतल्या कोरड्या, स्वच्छ रात्रीची. साखर कारखाने चालू असतात, रस्त्यावर ऊस घेऊन निघालेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, पुढे मोठ्या आवाजात गाणी आणि मागे एक लाल दिवा नाही. रिफ्लेक्टर लावलेला असला तरी त्यावर चिखल किंवा उसाची पाचट लोंबत असते. पावसात निदान सगळे हळू असतात. त्या कोरड्या रस्त्यावर ऐंशीने जाणाऱ्याला ट्रॉली दिसते ती दिसायची वेळ टळून गेल्यावर. हिवाळ्यात कराड ते मल्हारपेठ मी पन्नासच्या वर जात नाही आणि मागचे हॉर्न वाजवतात ते वाजवू देते.

गेल्या पावसाळ्यात मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून एकटी जाते. एका शुक्रवारी हेळवाकच्या नाक्यावर दोन एसटी उभ्या होत्या, चालक खाली उतरून टपरीवर चहा पीत होते. त्यातल्या एकाला काच खाली करून विचारलं. घाटात दरड आलीय, जेसीबी गेलाय, पण पाऊस थांबत नाही म्हणून काम होईना, म्हणाला. "सकाळपर्यंत काय खरं नाही." कार तेवढ्या कडेकडेने निघतील असंही एकजण म्हणाला. तो चालक नव्हता, टपरीवाला होता. गाडी वळवली, दहाच्या सुमारास कराडला परत. आईला फोन केला तर तिने आधी पाऊस विचारला, मग म्हणाली भाकरी टाकून झाल्या होत्या, आता एवढ्या कोणाला घालू?

दरड दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. रविवारी सकाळी उजेडात गेले, जेवले आणि तीनच्या ठोक्याला परत फिरले. दोन घास खायला दोनशे किलोमीटर, असं मामी म्हणाल्या. आईने डिकीत अर्धं पोतं तांदूळ टाकला होता, त्यातला शेरभर त्यांना दिला.